एकदा आभार मानून झाल्यावर

लॅन्सीचा फोन आला तेव्हा मी पोह्यांना फोडणी घालत होते. लॅन्सी म्हणजे हिल्डाचा धाकटा भाऊ, माझगावच्या गोदीतून निवृत्त झालेला, आणि समोरचा माणूस ठार बहिरा आहे असं धरून फोनवर बोलणारा. "सुषमा, हिल्डा गेली," तो म्हणाला. मी गॅस बंद केला. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा... "लिव्हर?" त्याही अवस्थेत लॅन्सीचा आवाज चढला. "लिव्हर कशाला? लिव्हर एकदम फर्स्ट क्लास होतं तिचं. हार्ट. चर्चमधून मासवरून आली, चहा घेतला, खुर्चीत बसली, खलास." भाऊ आपल्या बहिणीच्या लिव्हरची बाजू घेऊन माझ्याशी भांडतो आहे, आणि तेही ती जाऊन तास झाला नसताना, हे लक्षात आलं आणि मला चक्क बरं वाटलं. लिहायला संकोच वाटत नाही. तिला न्यायला टपून बसलेलं एक दुखणं होतं. पहिल्या खेपेला त्याने तिला फसवलं, दुसऱ्या खेपेला तिने त्याला घालवून दिलं. मरण कुणालाच चुकलेलं नाही, पण हिल्डा त्याच्या हातून गेली नाही. एवढं समाधान करून घेतलं आणि मग मी पोहे तसेच टाकून रडायला बसले.

भायखळ्याच्या एका शाळेत आम्ही दोघींनी निम्मं आयुष्य काढलं. ती पीटी शिकवायची, मी मराठी. ती खोताच्या वाडीतली, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईचीच ईस्ट इंडियन ख्रिश्चन. मी परळच्या चाळीतली, गिरणी कामगाराची बौद्ध मुलगी. आमचं दोघींचं गूळपीठ कसं जमलं हे स्टाफरूमला कधी उमगलं नाही. मी नवीन असताना नववीच्या पोरींनी माझा तास उधळून लावला होता. मैदानातून हिल्डा आली, दारात उभी राहिली, एकदा शिट्टी वाजवली आणि काही न बोलता निघून गेली. वर्ग चिडीचूप. मधल्या सुट्टीत मला म्हणाली, "तुझी भाषा मस्त हाय गो, पण पोरींना ऐकू तर गेली पायजे." मला राग आला. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या डब्यातलं कोळंबीचं लोणचं माझ्याकडे सरकवलं, मी माझी सुकटीची चटणी तिच्याकडे सरकवली, आणि राग तिथेच मिटला. तिच्यात एक खोड मात्र शेवटपर्यंत होती असं मी म्हणणार होते, पण तसं म्हणता येत नाही, कारण तिनेच ती मोडली, आणि हा सगळा लेख त्याचाच आहे. खोड अशी की चांगली बातमी तिच्या पोटात ठरत नसे. आंतरशालेय हॉकीच्या एका सामन्यात आमच्या मुली हाफ टाइमला पुढे होत्या, तर हिने तेवढ्यात सगळ्यांसाठी आइस्क्रीम मागवून ठेवलं. सामना आम्ही हरलो. पोरींनी रडत रडत आइस्क्रीम खाल्लं, आणि हिल्डाने त्यांच्याबरोबर दोन खाल्ली.

शाळेतल्या एका शिपायाच्या ऑपरेशनसाठी रक्त हवं होतं. हिल्डा सगळ्यांच्या आधी तयार. रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, दुपारचा तास घेतला. काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं आलं आणि त्या दिवशी तिला कळलं की आपल्याला हिपॅटायटिस सी आहे. तरुणपणी गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला रक्त चढवलं होतं. त्या काळात दात्याचं रक्त या विषाणूसाठी तपासलं जात नसे. तेव्हा शिरलेला विषाणू इतकी वर्षं तिच्या लिव्हरमध्ये आवाज न करता राहत होता. "भाडेकरू हाय तो," हिल्डा म्हणायची, "जुना. भाडं देत नाय नि जागा सोडत नाय." गिरगावात जन्म काढलेल्या बाईला याहून चपखल उपमा कुठून सुचणार?

तेव्हाचं औषध म्हणजे शिक्षाच होती. दर आठवड्याला पोटावर इंजेक्शन, जोडीला रोजच्या कॅप्सूल, आणि हे जवळजवळ वर्षभर. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी ताप ठरलेला. केस कंगव्यात येत. मैदानभर पळणारी बाई जांभळाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायला लागली. एकदा मला हळूच म्हणाली, "आज सकाळी मी रडले गो. टूथपेस्टचं झाकण बेसिनमध्ये पडलं म्हणून." ते औषध मनही पोखरतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. या सगळ्यात तिचा आधार एक संत होता. हरलेल्या केसेस घेणारा संत, असं ती मला सांगायची. आमच्या घरातून नवस हा शब्द वडिलांनी केव्हाच हद्दपार केला होता, त्यामुळे मी तिला यावरून भरपूर चिडवून घेत असे. पण त्यातला एक रिवाज मला आवडायचा. या संताकडे मागणं मागायचं, आणि ते पुरं झालं की इंग्रजी वर्तमानपत्रात छोटीशी जाहिरात देऊन त्याचे जाहीर आभार मानायचे. मिळालेल्या कृपेबद्दल आभार, आणि खाली मानणाऱ्याची फक्त आद्याक्षरं. असे आभार लांबणीवर टाकायचे नसतात, असा त्यांच्यात दंडक.

औषधाचा कोर्स संपला आणि रिपोर्ट स्वच्छ आला. रक्तात विषाणू नाही. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की हा शेवट नव्हे; औषध बंद झाल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं, तोपर्यंत खात्री धरायची नाही. पण हाफ टाइमला आइस्क्रीम मागवणारी बाई ती. मी म्हटलं, "अगं, बाजारात तुरी..." तर म्हणाली, "तुझ्या म्हणी तुझ्या वर्गात ठेव. त्याने दिलं, आता मी थँक यू बोलायला थांबू? मॅनर्स नायत का मना?" जाहिरात छापून आली. आद्याक्षरं दोनच, पण खोताच्या वाडीत ती कुणाची हे सांगायला वर्तमानपत्राची गरज नव्हती. घरोघर केक गेला. लॅन्सीने ते कात्रण फ्रेम करून घरातल्या आल्तारवर, संताच्या तसबिरीखाली उभं केलं. सहा महिन्यांनी तपासणीचा रिपोर्ट आणायला हिल्डा एकटीच गेली. आली ती शाळेतच, थेट तासाला. "क्लीन?" मी मैदानाच्या कडेने विचारलं. तिने शिट्टी तोंडातून न काढता अंगठा वर केला.

त्यावर माझा विश्वास बसला, न बसायला काही कारणच नव्हतं. वर्षं गेली. आम्ही दोघी निवृत्त झालो. एका दुपारी तिचा फोन आला. "उद्या मोकळी हायेस? परळला जायचंय. लॅन्सीला बोलू नको." गिरगावातल्या दाताच्या डॉक्टरने तिची एक दाढ काढली होती, आणि रक्त काही केल्या थांबेना. संध्याकाळपर्यंत बोळे बदलावे लागले. डॉक्टर शहाणा, त्याने रक्ताच्या तपासण्या करायला लावल्या, आणि तिथून तिला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात लिव्हरच्या डॉक्टरांकडे धाडलं. घशातून दुर्बीण घालायची होती, भूल द्यायची होती, सोबत माणूस हवं होतं. "वाडीतली कुणी का नाही?" मी विचारलं. "वाडीतल्या बाया पेपर वाचतात," ती म्हणाली. मला या उत्तराचा अर्थ लागला नाही.

तो लागला दुसऱ्या दिवशी ओपीडीत. डॉक्टर तरुण होती, बोलायला मोकळी. तिने विचारलं, "आधी ट्रीटमेंट घेतली होती का?" हिल्डा म्हणाली, "घेतली. परत आलं." "परत आल्याचं कधी समजलं?" हिल्डाने खिडकीकडे बघत वर्ष सांगितलं. मी मनातल्या मनात हिशेब केला... ते मैदानाच्या कडेने अंगठा वर केल्याचंच वर्ष होतं. बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर माझा तोल सुटला. इतकी वर्षं हे पोटात ठेवून ही माझ्याबरोबर डबा खात होती, सहलींना येत होती, माझ्या मुलीच्या लग्नात नाचली होती. "तू मला अंगठा दाखवलास," मी म्हटलं. "हळू गो," ती म्हणाली, "पेशंट लोक झोपलेत."

डॉक्टरने सगळं समजावून सांगितलं होतं. लिव्हर कडक होत चाललं आहे, दाढेचं रक्त न थांबण्याचं मूळ तेच. पण वेळ गेलेली नाही. आता इंजेक्शनं लागत नाहीत. दोन नवी औषधं एकाच गोळीत येतात, आणि आधीचा कोर्स फसलेला असल्यामुळे, लिव्हर असं झाल्यामुळे, त्याच्या जोडीला जुनी ती कॅप्सूलही द्यायची. एक औषध विषाणूला एकीकडून अडवतं, दुसरं दुसरीकडून, म्हणून तो सहसा निसटत नाही. बहुतेक लोक बरे होतात, असं ती ठामपणे म्हणाली. घरी येताना मी आनंदात होते. हिल्डा मात्र औषध सुरू करायला तयार होईना. आधी म्हणाली, ती जुनी कॅप्सूल नको, तिचं तोंडही बघायचं नाही. मग म्हणाली, नाताळ होऊ दे. मग लॅन्सीचा मोतीबिंदू आला. मग म्हणाली, वय झालं, आता कशाला. ज्या बाईने सहावीच्या पोरींना पोटदुखीची एकही सबब कधी चालू दिली नाही, ती माझ्यापुढे एकेक सबब आणून ठेवत होती, आणि तिकडे लिव्हर दिवसेंदिवस कडक होत होतं.

खरं कारण बाहेर पडलं ते भायखळ्याच्या भाजीबाजारात. ती सुरण निवडत होती. मी पुन्हा तोच विषय काढला, तर सुरण हातात धरूनच ती म्हणाली, "मी एकदा थँक यू बोललेय गो. छापून. आता परत कुठल्या तोंडाने मागू?" मी काही बोलणार तेवढ्यात तिने हात वर केला. "आणि ऐक. ती अॅड बघून वाडीतल्या कितीजणी त्याच्याकडे मागायला लागल्या. बर्थाची सून, तो शेवटच्या घरातला टोनी, आपल्या हिंदू बायापण. माझं झालं म्हणून. आता मी बोलले की नाय झालं, परत आलं, तर मी खोटी पडते ते जाऊ दे, तो पण खोटा पडतो. त्याचं नाव मी खराब करू?" तर हे असं होतं. एका संताची अब्रू सांभाळण्यासाठी ही बाई इतकी वर्षं आपलं दुखणं झाकून बसली होती, आणि आता त्यापायी मरायलाही तयार होती. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. माझ्या बाजूला जन्मभराचे तर्क तयार होते, पण ते तिच्या कामाचे नव्हते, एवढं मला कळत होतं. मी मिशनच्या शाळेत शिकलेली. रोजची भाकरी मागणारी त्यांची प्रार्थना दर सकाळी रांगेत उभी राहून म्हटलेली. मी म्हटलं, "तू रोज देवाकडे भाकरी मागतेस ना? काल मागितली, मिळाली, जेवून आभार मानलेस. मग आज भूक लागली तर काय म्हणतेस? काल थँक यू बोलले, आता कुठल्या तोंडाने मागू?" ती माझ्याकडे बघत राहिली. भाजीवाला सुरणाकडे बघत राहिला. "तू बुद्धिस्ट हायेस की कॉन्व्हेंटची सिस्टर?" असं म्हणून तिने सुरण पिशवीत टाकलं आणि मला तिथेच सोडून तरातरा निघून गेली. आठवडाभर फोन नाही. मी केला तर उचलला नाही. पाठ फिरवलेली हिल्डा मला त्या दिवसांत फार जड गेली. मग एका सकाळी फोन वाजला, आणि हॅलो वगैरे काही न म्हणता तिने विचारलं, "ती गोळी जेवणाबरोबर घ्यायची की आधी?"

औषध सुरू झालं, पण अजून चोरून. लॅन्सीला पत्ता लागू द्यायचा नव्हता. आता दर थोड्या दिवसांनी परळला कशाला जाते, याला काही तरी कारण हवं. हिल्डाने थाप मारली की सुषमाच्या चाळीतल्या विहारात मी मुलींना हॉकी शिकवते. तिला वाटलं झालं काम. पण लॅन्सी कसा तर उत्साही. त्याने ओळखीच्या क्लबातून जुन्या हॉकी स्टिक गोळा केल्या, टॅक्सीत घातल्या आणि न सांगता आमच्या चाळीच्या अंगणात आणून उतरवल्या. पोरींनी त्याला घेराव घातला. "मिस कधी येणार?" म्हणून. झालं... थाप निभवायची तर खरोखर शिकवणं भाग होतं. मग ओपीडीतून निघून हिल्डा माझ्याकडे जेवायची, दुपारची कॅप्सूल घ्यायची, आणि चार वाजता विहारासमोर खुर्ची टाकून शिट्टी वाजवायची. जुन्या कॅप्सूलने आपला हिसका दाखवलाच. हिमोग्लोबिन खाली आलं, आमचे दोन जिने चढताना ती मध्ये बसायची, अंगाला खाज सुटायची. एक दिवस पोरींवर इतकी खेकसली की चाळीतल्या बाया गॅलरीत आल्या. डॉक्टरने कॅप्सूलचं प्रमाण कमी केलं, गोळी चालू ठेवली. "या खेपेला तुम्ही मध्ये सोडायचं नाही," डॉक्टर म्हणाली. "मी?" हिल्डा म्हणाली. "मॅडम, मी पीटी टीचर हाय. मी दुसऱ्यांना सोडत नाय."

कोर्स संपला. रिपोर्ट स्वच्छ. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे. पुन्हा तेच वळण. डॉक्टरने पुन्हा तेच सांगितलं, फक्त आता थांबायचं होतं ते तीन महिने. औषध बंद झाल्यावर तीन महिन्यांनीही विषाणू सापडला नाही, तर तो गेला. दुधाने तोंड पोळलेली हिल्डा आता ताकही फुंकून पीत होती. मी तिला अभिनंदन म्हणू धजले नाही. एकदा चुकून घरी शिरा केला तर तिने ताटलीकडे बघून विचारलं, "हा कशाचा?" मी म्हटलं, "रव्याचा." तेव्हा खाल्ला. त्या तीन महिन्यांत मी तिला जेवढी शांत बघितली तेवढी आधी कधी बघितली नव्हती. प्रार्थना चालू होती, पण काय मागते हे तिने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शेवटचा रिपोर्ट आणायला या वेळी ती एकटी गेली नाही. डॉक्टरने कागद पुढे केला आणि म्हणाली, "आता सांगा कुणाला सांगायचं ते." हिल्डाने कागद वाचला, मग मला वाचायला दिला, मग परत घेऊन पुन्हा वाचला. हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरताना तिने माझा दंड धरला होता. तो तिने गिरगाव येईपर्यंत सोडला नाही.

मला वाटलं, आता पुन्हा जाहिरात. ती म्हणाली, "नाय. आता पेपरात नाय. पेपरात लपता येतं. दोन अक्षरं छापली की झालं." मे महिना होता. वाडीतल्या क्रॉसजवळ संध्याकाळी सगळे जमून प्रार्थना म्हणतात, नंतर उकडलेले चणे वाटतात. हिंदू शेजारीही उभे असतात, चण्यांसाठी असो की सवयीने. प्रार्थना संपली आणि चणे यायच्या आधी हिल्डा पुढे गेली. मैदानावरचा आवाज होता, माइक लागला नाही. "मी तुम्हाला सांगितलं होतं की माझा आजार गेला," ती म्हणाली. "तो परत आला होता. मी लपवलं. लाज वाटली म्हणून लपवलं. आता दुसरं औषध घेतलं, आता तो गेला. औषधाने गेला, डॉक्टरने घालवला, आणि मी मागितलं पण, दोन्ही वेळेला. परत आलं तर त्यात मागणाऱ्याची चूक नाय नि देणाऱ्याची पण नाय. तुमच्यात कुणाला जुन्या काळात रक्त चढवलं असेल तर जाऊन टेस्ट करा. एकट्याने जायचं नसेल तर मी येते." मग म्हणाली, "चणे आणा." मी माणसांच्या मागे उभी होते. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी चण्यांची पुडी हातात घेऊन ती खायचीच विसरले.

लॅन्सी मात्र दुखावला. "इतकी वर्षं मी ती फ्रेम पुसतोय," तो म्हणाला, "आणि तू मला पुसू दिलीस?" रविवारपर्यंत तो तिच्याशी बोलला नाही. रविवारी जेवताना त्याने माशाचं डोकं, जे त्या घरात कायम त्याचंच, तिच्या ताटात वाढलं. ती म्हणाली, "थँक यू." तो म्हणाला, "ते नंतर बोल. आधी खा."

त्यानंतरची तिची वर्षं ही तिच्या पीटीच्या नोकरीहून जास्त धावपळीची गेली. लग्नात, बसमध्ये, मासळीवालीच्या पाटीशी, जिथे माणूस भेटेल तिथे हिल्डाचा पहिला प्रश्न... "कधी रक्त चढवलं होतं?" लोक बिचकायचे. एकदा तर नवरीकडच्या एका काकांनी हे स्थळ बघायची नवी रीत आहे की काय असं मला बाजूला घेऊन विचारलं. पण हळूहळू माणसं यायला लागली. संध्याकाळी ती व्हरांड्यात बसायची आणि कुणी ना कुणी पायरीशी येऊन उभं राहायचं, आधी हवापाण्याचं बोलायचं, मग आवाज खाली आणून मुद्द्याचं. हिल्डा मुद्दाम मोठ्याने उत्तर द्यायची. लोकांना हे आवडत नसे, मलाही कधी कधी बोचायचं. "माणसाला थोडा आडोसा लागतो, हिल्डा," मी म्हटलं होतं. "आडोशात मी राह्यले," ती म्हणाली. "तिकडे फक्त आजार वाढतो." त्यांच्यातल्या बहुतेकांची तपासणी निर्धोक निघाली, काहींची नाही. वाडीतच शिवणकाम करणारी शैला त्यातलीच एक. थोरल्या मुलाच्या बाळंतपणात तिला रक्त चढवावं लागलं होतं. स्वभावाने इतकी भिडस्त की मापाची टेप मागतानासुद्धा तिचा आवाज गिऱ्हाईकाला ऐकू जात नसे. तिला हिल्डाने हाताला धरून परळला नेलं, गोळ्या सुरू करून दिल्या. नवऱ्याला तेवढं माहीत, सासरी कुणाला नाही. गोळ्या संपल्या, तेव्हाचा रिपोर्ट चांगला आला. "पेढे नाय," हिल्डाने तिला दटावलं. "शेवटच्या रिपोर्टपर्यंत कोणी पेढे वाटायचे नाय." तो शेवटचा रिपोर्ट यायच्या आत हिल्डाच गेली.

परवा मी वाडीत गेले होते. लॅन्सी एकटा असतो, त्याला सुकटीची चटणी आवडते, एवढंच निमित्त. तो म्हणाला, बाहेर बस, आत उकडतं. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही दोघं बसलो. हिल्डा बसायची त्या टोकाला कुणी बसलं नाही, ते ठरवून झालं नाही, आपोआप झालं. चर्चहून परतणाऱ्या बाया थांबून लॅन्सीची चौकशी करत होत्या, समोरच्या गॅलरीत बर्थाची सून कपडे काढत होती, खाली दोघं म्हातारे कॅरम मांडून बसले होते. मी फार उदास नव्हते. मला फक्त राहून राहून वाटत होतं की आता पायरीशी येऊन उभं राहायला इथे कुणी येणार नाही, जो तो पुन्हा आपापलं झाकून घरात बसेल, आणि तिने एवढ्या कष्टाने उघडलेलं दार नुसत्या सवयीने लागून जाईल. तेवढ्यात शैला आली. खांद्यावर मापाची टेप तशीच, हातात हॉस्पिटलचा लिफाफा. पायरीशी थांबली. मी उठून तिच्याजवळ जाणार होते, तिला नेहमी लागतो तो आडोसा द्यायला, पण तिने माझी वाट बघितली नाही.

"सुषमाबाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आला, "माझा परत आलाय."

कॅरमचा खेळ थांबला. बर्थाच्या सुनेने कपडे खांद्यावर घेतले आणि वरून म्हणाली, "मग? आपल्या हिल्डाला पण दोनदा लागलं. दुसरं औषध असतं." "असतं," मी म्हटलं. "तीन नवी औषधं एकाच गोळीत असतात, तसलंसुद्धा असतं आता. गुरुवारी ओपीडी आहे, आपण जाऊ." शैलाने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती उभी होती ती तिथेच, वाडीच्या मधोमध, सगळ्यांसमोर. लॅन्सी बाकावरून सरकला आणि हिल्डाच्या जागेवर हात थोपटून म्हणाला, "बस गो." ती बसली, आणि दवाखान्यात काय काय सांगितलं ते पहिल्यापासून सांगायला लागली. हळू बोल, असं तिला कुणीही म्हटलं नाही.